केसपेपरवरचा सातवा प्रश्न

काकू, सरांचे बंधू, आणि एवढ्या उन्हाचं इथवर आलेले तुम्ही सगळे,

माझं नाव बोलणाऱ्यांच्या यादीत नव्हतं. मघाशी काकूंनी विचारलं, "बालाजी, तू बोलणार ना रे?" मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही. काकूंनी हो धरलं. म्हणून उभा आहे.

मी लिहून आणलंय. सर म्हणायचे, "बाला, तू तोंडानं बोललास की भांडण होतं आणि हातानं लिहिलंस की काम होतं. तू लिहीत जा." मधेच कागद सोडून बोललो तर सांभाळून घ्या. आवाज चढला तर कुणीतरी हात वर करा. सर तेच करायचे.

समोर बघवत नाही. फोटोकडं बघावं तर सर हसायलेत. तुमच्याकडं बघावं तर खुर्च्या दिसतात. काल संध्याकाळी ह्या वाचनालयाच्या हॉलमध्ये ह्या खुर्च्या मीच मांडल्या. ज्या माणसानं आयुष्यभर ह्या जिल्ह्यातल्या लेकरांचे जबडे सरळ केले, त्याच्यासाठी त्या कमी पडतील असं वाटलं, म्हणून शेजारच्या शाळेतून आणखी आणल्या. निम्म्या रिकाम्या आहेत.

मला ह्या रिकाम्या खुर्च्यांबद्दल बोलायचंय. त्या का रिकाम्या आहेत, हे ह्या हॉलमध्ये फक्त मला माहीत आहे. आणखी एका माणसाला अर्धवट माहीत आहे. ते सगळ्यात मागं, दाराजवळ बसलेत. मामा, तुम्ही जाऊ नका. माझं होईपर्यंत बसा.

मी पिंगळीचा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. सोडलं म्हणजे, प्रॅक्टिकलच्या सरांनी चारचौघांत काहीतरी म्हटलं, मी जर्नल टराटरा फाडून टेबलावर टाकलं आणि बाहेर आलो. बाहेर आल्यावर गेटवर एकजण हसला. त्याच्याशी जुंपली. त्यात माझा पुढचा दात गेला. तो दात रुमालात घेऊन मी झरीकर सरांच्या दवाखान्यात शिरलो. पिंगळीहून कॉलेजला यायचो त्या रेल्वेत कुणीतरी सांगितलं होतं, दातांचे डॉक्टर हायेत, माणूस बरा हाय.

सरांनी दात बघितला. मग मला बघितलं. म्हणाले, "मी जबड्याचा डॉक्टर आहे. तुटलेला दात माझ्याकडं नसतो. पण बस. कुणी मारलं?"

मी म्हटलं, "मी बी मारलं."

"ते दिसायलंय. अक्षर कसंय तुझं?"

असा माझा इंटरव्ह्यू झाला. दुसऱ्या दिवसापासून मी बाहेरच्या टेबलावर बसून केसपेपर लिहायला लागलो. नाव, गाव, वय, तक्रार. एका कागदावर बारा प्रश्न होते. सर ते स्वतः तयार करायचे, स्वतः बदलायचे. मी घरी सांगितलं, दवाखान्यात लागलो. आईनं विचारलं, "कंपाउंडर का?" म्हटलं, "न्हाई, लिहितो." ती म्हणाली, "मग कॉलेज काय वाईट होतं, तिथं बी लिहितच होतास."

सर काय करायचे, ते इथल्या सगळ्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. काही लेकरांचा खालचा जबडा मागं राहिलेला असतो. हनुवटी आत, वरचे दात पुढं. गावात त्यांना काय काय नावं पडतात, ती मी इथं घेत नाही. अशा लेकरांना सर प्लेट द्यायचे. वर एक, खाली एक. दोन्हींना तिरके ठोकळे. तोंड मिटलं की ठोकळ्यावर ठोकळा घसरतो आणि खालचा जबडा आपोआप पुढं येऊन बसतो. वाढीच्या वयात वर्षभर असं ठेवलं की जबडा पुढंच राहायला शिकतो. वाढ संपली की मग ह्या प्लेटचा उपयोग नाही. म्हणून सरांना घाई असायची. म्हणायचे, "आपल्याला दोन उन्हाळे मिळतात, बाला. पोरींना तर एकच."

आणि सरांचा एक नाद होता. नादच म्हणतो. ते प्रत्येक लेकराचा कडेनं एक्स-रे काढायचे, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवायचे आणि टोकदार पेन्सिलीनं जबडा काढायचे. जबडा झाला की जिभेच्या पाठीमागं एक काळी फट दिसते, ती काढायचे. ती श्वासाची वाट. ती पट्टीनं मोजायचे. प्लेटच्या आधी किती, नंतर किती.

मी एकदा विचारलं, "सर, दातांच्या डॉक्टरला श्वासाचं काय?"

ते म्हणाले, "जीभ कुठं बांधलेलीय?"

मी म्हटलं, "माझी तर कुठंच न्हाई."

हसले. मग म्हणाले, "खालच्या जबड्याला, आतून. जबडा मागं तर जीभ मागं. जीभ मागं तर तिच्या पाठची वाट चिंचोळी. म्हणून अशी लेकरं घोरतात, तोंडानं श्वास घेतात, वर्गात डुलक्या खातात. जबडा पुढं आणला तर जीभ पुढं येते, आणि वाट थोडी मोकळी होते."

मला लय भारी वाटलं. त्याच दिवशी मी मोबाईलवर स्टेटस टाकलं, "प्लेट लावा, घोरणं घालवा." खाली दवाखान्याचं नाव. अर्ध्या तासात सर बाहेर आले. चष्मा कपाळावर.

"काढ ते."

"का सर? खरंच तर हाय."

"काहींची वाट मोकळी होते, काहींची नाही. आणि वय वाढलं की वाट आपोआपही मोठी होते. त्यातलं प्लेटचं किती, वाढीचं किती, मी अजून शोधायलोय. शिवाय हा एक्स-रे जाग्या, उभ्या माणसाचा आहे. झोपल्यावर आत काय होतं, ते ह्यात दिसत नाही. मला जे ठाऊक नाही ते तू स्टेटसला कसं टाकलंस?"

मी काढलं. तेव्हा राग आला होता. आता हे वाचताना वाटतं, आपल्याला काय ठाऊक नाही हे इतकं नेमकं सांगणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

आता सातवा प्रश्न.

बारापैकी सातवा प्रश्न होता, "मुलगा/मुलगी झोपेत घोरते का?" हा सरांसाठी सगळ्यात मोठा. कारण घोरण्याचं कारण प्रत्येक वेळी जबडाच असतं असं नाही. नाकामागं एक गाठ असते, घशात टॉन्सिल असतात. ते सुजून बसलेले असतील तर आधी नाकाघशाच्या डॉक्टरकडं, मग प्लेट. हा क्रम सर मोडायचे नाहीत. घोरणं "होय" असलं की चिठ्ठी नांदेडला.

एकदा पोखर्णीच्या एक आजी नातवाला घेऊन आल्या. मी विचारलं, "आजी, नातू घोरतो का?" आजी म्हणाल्या, "घोर तर हाय की बाबा. लय घोर हाय. ह्याच्या बापाला न्हाई तेवढा घोर मला हाय." मी लिहिलं, "होय, खूप." सरांनी पोराला नांदेडला धाडलं. तिथून चिठ्ठी आली. नाक साफ, घसा साफ, मुलगा घोरत नाही, सोबतच्या आजी बाकावर बसल्या बसल्या घोरतात. सर त्या दिवशी इतके हसले की चहा कपात राहिला. पुढं कित्येक दिवस मला विचारायचे, "काय बाला, आज कुणाला घोर?"

पण त्या हसण्यात मी एक गोष्ट शिकलो. तीच पुढं नडली. नांदेडला गेलेलं पोर लवकर परत येत नाही. आजींचा नातू परत यायला सहा महिने लागले. आधी पेरणी, मग सोयाबीन, मग दिवाळी.

हे लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात, एका मंगळवारी, मानवतहून दोन बहिणी आल्या. धाकटी तेरा वर्षांची. तिचं नाव घेत नाही, चिऊ म्हणतो. आईबाप ऊसतोडीला गेलेले, लेकी मानवतला आत्याकडं. थोरली बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तिचं नाव तर घेणारच नाही. आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो, कारण गाव लहान आहे. आमच्यात काही नव्हतं. तिच्याकडून काही नव्हतं. जे होतं ते सगळं माझ्याकडून होतं.

ती मला भाऊ म्हणायची. "भाऊ, नंबर कितवा?" "भाऊ, मानवतची गाडी किती वाजता?" "भाऊ, पाणी कुठंय?" पहिल्या मंगळवारी चार वेळा आणि दुसऱ्या मंगळवारी दुपारपर्यंत तीन वेळा. मी मोजलं होतं. सर रुग्ण बघायचे, मी हे मोजायचो.

पहिल्या मंगळवारी त्यांचा नंबरच लागला नाही, म्हणून केसपेपर दुसऱ्या मंगळवारी लिहायचा होता. बाकावर सात-आठ माणसं बसलेली. मी सहा प्रश्न विचारले. सातवा विचारला, मोठ्यानं, नेहमीसारखा. "झोपेत घोरते का?"

बाकावरचा एकजण खुदकन हसला. चिऊनं मान खाली घातली ती घातलीच. नंतर कळलं, आत्याच्या घरी पोरं तिला ट्रॅक्टर म्हणायची. थोरली टेबलापाशी आली. वाकली. हळू म्हणाली,

"अहो, ते नका ना लिहू. तिच्यासमोर नका. घोरती ती, लहानपणापासून घोरती. मी डॉक्टरांना नंतर एकटी जाऊन सांगते."

अहो.

तुमच्यातल्या काहींना हसू येईल. येऊ द्या. घाईत निघालेला साधा शब्द होता तो. रिक्षावाल्यालाही आपण अहो म्हणतो. पण सात वेळा भाऊ ऐकलेल्या माणसाला विचारा. माझ्या कानात दुसरं काही शिरलंच नाही. मी म्हटलं, "तुमी कशाला सांगता, मी सांगतो सरांना. तुमी काळजी करू नका."

आणि लिहिलं, "नाही."

त्या वेळेपुरतं ते बरोबर होतं, असं अजूनही वाटतं. एका पोरीला चारचौघांत लाजवायचं नव्हतं. दहा मिनिटांनी आत जाऊन सरांच्या कानात सांगायचं होतं, बस. मी उठलो. दारापर्यंत गेलो. आणि दारात मला नांदेड आठवलं.

सांगितलं असतं तर सरांनी त्याच क्षणी चिठ्ठी लिहिली असती. मग ऊसतोडीहून बाप येईपर्यंत कुणी नांदेडला नेणार नाही. मग पाडवा. मग उन्हाळा. मग कुठला मंगळवार आणि कुठलं अहो.

मी परत येऊन खुर्चीत बसलो. थोरलीनं नजरेनं विचारलं, सांगितलं का? मी मान हलवली. ह्या वेळी मला नीट ठाऊक होतं, कशासाठी हलवली.

माणसं म्हणतात प्रेमात माणूस काय काय करतो. मी काय केलं, ते सांगतो. मी माझे मंगळवार वाचवले. एका लेकराच्या श्वासाची गोष्ट खिशात घालून मी माझे मंगळवार वाचवले.

सरांनी चिऊचा एक्स-रे हातात घेतला तेव्हा मी तिथंच होतो. नाकामागं एक सावली होती. सर म्हणाले, "ही गाठ जराशी मोठी वाटतीय. वयानं आक्रसते बऱ्याचदा. घोरते का रे ही?" आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी केसपेपर पुढं ओढला, सातवा प्रश्न वाचला आणि मान डोलावली. माझ्यावर इतका विश्वास. माझ्या अक्षरावर. दोन आठवड्यांनी प्लेट तोंडात बसली.

बारा मंगळवार मिळाले मला. ती यायची, बाकावर बसायची, गाडीची चौकशी करायची. चिऊची हनुवटी खरंच पुढं यायला लागली होती. एकदा दोघींना बसमध्ये जागा धरून दिली. पोरगी खिडकीतून म्हणाली, "दादा, आता मला ससा म्हणत न्हाईत." थोरली हसली. इतकंच. एवढ्यावर मी त्या संध्याकाळी रेल्वेत पिंगळीपर्यंत उभ्यानं गेलो, बसायला जागा असताना.

त्या हिवाळ्याच्या शेवटी चिऊला सर्दी झाली. नाक गच्च. तोंडात प्लेट. दुपारच्या तासाला वर्गात बाकावर डोकं टेकून झोपली. बाईंना वाटलं, झोपू दे. मग तिचा श्वास अडकायला लागला. थांबायचा, मग झटक्यानं यायचा. तोंड काळंनिळं. बाईंनी हलवून उठवलं, प्लेट काढली, दवाखान्यात नेलं, तिथून नांदेडला. वाचली. बाई जागेवर होत्या म्हणून वाचली. नाकामागची गाठ आणि टॉन्सिल, दोन्ही काढले.

पुढच्या मंगळवारी चिऊचा बाप दवाखान्यात आला, म्हणजे हे दाराजवळ बसलेले मामा. फडातून तसाच. पाचटानं चिरलेले हात, अंगावर उसाची कुसळं. मागं दारात दोघी बहिणी. बाकं भरलेली होती.

मामा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमच्या पिलेटीनं माझ्या लेकीचा श्वास कोंडला. नांदेडचे डॉक्टर इचारायलेत, ही घोरती हे कुणालाच कसं ठाऊक न्हाई. तुमच्या कागदावर काय लिवलंय ते बघा."

सरांनी केसपेपर मागितला. मीच काढून दिला. माझ्याच हातानं. सरांनी सातवा प्रश्न वाचला. बराच वेळ वाचला, एका शब्दाला जेवढा वेळ लागत नाही तेवढा. मग कागद पालथा ठेवला आणि म्हणाले,

"चूक माझी आहे. हे मी स्वतः विचारायला हवं होतं."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं की नको?

मी बोललो. मी ओरडलो, "सरांची कसली चूक? उगं आरोप करायचे न्हाईत." आणि पुढं होऊन मामांची कॉलर धरली. ज्या माणसाची लेक माझ्यामुळं मरता मरता वाचली, त्याची कॉलर. बाकावरची माणसं उठली. कुणीतरी म्हणालं, काय निष्ठा आहे पोराची. निष्ठा नव्हती ती. माझा राग सगळ्यांना ठाऊक होता, म्हणून मी रागाच्या आड जाऊन उभा राहिलो. रागासारखी दुसरी आडोशाची जागा नाही.

सरांनी हात वर केला. मी कॉलर सोडली. दाराकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती. तिला तेव्हा कळलं की मी सांगितलंच नव्हतं. एका शब्दानं ती मला उघडं पाडू शकत होती. तिनं पाडलं नाही. मला वाचवलं की तिथल्या तिथं पुरलं, अजून मला ठरवता आलेलं नाही. जाताना चिऊचा हात धरून ती माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली,

"भाऊ, बाजूला सरका."

त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही. लग्न झालं असं ऐकलं. कुठं झालं, विचारलं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. झरीकरांच्या प्लेटनं पोरीचा श्वास कोंडला. मानवतहून पाथरी, पाथरीहून सेलू, एसटीबरोबर बातमी गेली. माणसं रुमालात गुंडाळलेल्या प्लेटा आणून टेबलावर ठेवून जायची. मी नावं लिहून घ्यायचो.

सरांनी खुलासा दिला नाही. ते चिऊच्या गावी एकटे एसटीनं गेले. ओट्यावर बसले. जखम भरलीय, आता प्लेट पुन्हा सुरू करू, वाढीचं वय हातचं जाईल, असं सांगितलं. मामा, तुम्ही चहा दिलात आणि नको म्हणालात. तुमच्या जागी मीही नको म्हटलं असतं. पोरींना एकच उन्हाळा मिळतो. चिऊचा तो गेला. तो तुमच्यामुळं गेला नाही.

दवाखान्यात सरांनी फक्त एक बदल केला. सातवा प्रश्न केसपेपरवरून काढला. माझ्यासमोर काट मारली. मी विचारलं, "का सर?" म्हणाले, "प्रश्न चुकीचा होता. चारचौघांत लाजवणाऱ्या प्रश्नाला खरं उत्तर कोण देईल?" तेव्हापासून ते लेकराला आणि घरच्या एका माणसाला आत घ्यायचे, दार लोटायचे, स्वतः विचारायचे. आणि लेकराला पाण्याचा एक घोट द्यायचे. "गिळू नको. तोंड मीट. नाकानं श्वास घे. मी घड्याळ बघतो." मिनिटभर जमलं की म्हणायचे, "वाट मोकळी आहे. जा, खेळ." नाही जमलं तर चिठ्ठी नांदेडला.

पण आत घ्यायला लेकरं राहिली नव्हती. दुपारच्या दुपार दवाखाना रिकामा. रॅकवर जुन्या पोरांचे प्लॅस्टरचे जबडे, दात आवळून बसलेले. सर जुने एक्स-रे काढून रेघा ओढायचे, प्लेट लावलेल्या पोरांच्या आणि न लावलेल्या पोरांच्या, शेजारी शेजारी. वाढ तर सगळ्यांचीच होते, म्हणायचे. बाहेर मी, आत ते. मधे दार उघडं. एवढं एकटेपण दोन माणसांत मावतं, हे मला तिथं कळलं.

एकदा आतूनच विचारलं त्यांनी. पेन्सिल चालू होती, थांबली. "बाला, तुला काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, "न्हाई सर."

"बरं." पेन्सिल पुन्हा सुरू झाली.

त्यांना ठाऊक होतं. मला आज खात्री आहे, त्यांना ठाऊक होतं. ते वाट बघत होते. दोन वर्षं रोज दार उघडं ठेवून बसले. आणि अकरा दिवसांपूर्वी सकाळी मी पिंगळीहून आलो तर दार बंद. काकूंचा फोन आला. हृदयानं दगा दिला म्हणाल्या. मला आता कुणी विचारणार नाही, बाला, तुला काही सांगायचंय का.

काकू, तुम्ही मला पोटच्या पोरासारखं जेवू घातलंत. तुमच्या घरात त्या मंगळवारनंतर जी शांतता शिरली, ती मी आणली. काल रात्री तुम्ही म्हणालात, "माणसं एवढी कशी विसरली रे?" विसरली नाहीत, काकू. त्यांना खोटं आठवतंय. ते खोटं माझ्या अक्षरात आहे.

मामा, कॉलर धरल्याची माफी मागायला मी तुमच्या गावाच्या फाट्यापर्यंत दोनदा आलो आणि दोनदा परत गेलो. आज तुम्हीच आलात. बाहेर गेलात तर ज्याला भेटाल त्याला सांगा. प्लेटनं श्वास कोंडला नाही. गाठ आधीपासून होती. चिऊ घोरते हे तुमच्या थोरल्या लेकीनं वेळेवर सांगितलं होतं, तिचा दोष नाही. ऐकणारा मी होतो. तुम्हाला जे करायचं ते मला करा, मी कॉलर सोडून उभा आहे.

आणि इथं ज्यांच्या घरी तोंड उघडं टाकून झोपणारं लेकरू आहे त्यांना हात जोडून सांगतो. लाजू नका. डॉक्टरला आत नेऊन सांगा. कुणी केसपेपर लिहिणारा म्हणाला, मी सांगतो, तर त्याच्यावर सोडू नका.

हा तो केसपेपर. काकूंनी कपाट आवरायला बोलावलं तेव्हा मागून घेतला. सर, तुमच्यासमोर दुरुस्त करतो. सातवा प्रश्न. झोपेत घोरते का? होय. लहानपणापासून. सांगितलं कुणी? बहिणीनं. लपवलं कुणी? बालाजीनं.

सांगायचं होतं, सर. हेच सांगायचं होतं.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू. बाकीच्या सभांत माणसं मान खाली घालतात. आपण मान सरळ ठेवू, खाली घातली की वाट दबते, हे सरांनीच शिकवलंय. तोंड मिटा. नाकानं श्वास घ्या. आत जातो, बाहेर येतो, तेवढाच ऐका. घड्याळ आजवर सर बघायचे. आज मी बघतो. वेळ झाली की मी तेच म्हणेन, जे ते प्रत्येक लेकराला म्हणायचे. फक्त आज ते त्यांना म्हणेन.

सर, वाट मोकळी आहे. जा.

उभे राहा सगळे. तोंड मिटा.